झाडे मे महिन्यात मरतात, तेव्हा शाळेला कुलूप असते

संपादक महोदय,
स. न.

५ जूनला पर्यावरण दिन असतो तेव्हा खान्देशातल्या प्राथमिक शाळा बंद असतात. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पहिल्या पंधरवड्यात रोपे येतात, पोरांच्या हाती फलक येतात, घोषणा होतात, फोटो निघतात. यात वाईट काही नाही. पण जुलैत लावलेले रोप पावसाळ्यात मरत नाही, हिवाळ्यातही सहसा तगते. ते मरते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिल्या पावसापर्यंतच्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा. नेमके त्याच दिवसांत शाळेला कुलूप असते आणि परीक्षा संपल्यामुळे कुणाचे लक्षही नसते. म्हणून आमचे एकच सांगणे आहे. शाळेचा पर्यावरणाचा कार्यक्रम मार्चात, सकाळची शाळा सुरू झाली की हाती घ्यावा. आणि त्याचा पहिला विषय 'सुटीत या झाडांना पाणी कोण घालणार' हा असावा.

पाणीच नाही, मग घालणार कुठून, हा प्रश्न लगेच येतो. हिशेब मांडून पाहा. हा हिशेब चौथीच्या मुलांनीच फळ्यावर मांडावा. आवारात गेल्या वर्षीची २० रोपे आहेत. प्रत्येकाला दर तिसऱ्या दिवशी ५ लिटर, म्हणजे एका पाळीला १०० लिटर. ४५ दिवसांत १५ पाळ्या. अख्ख्या सुटीला दीड हजार लिटर. टंचाईच्या गावातही एवढे पाणी वीस घरांत वाटले तर घरटी ७५ लिटर होते, तेही दीड महिन्यात. अडचण पाण्याची कमी आणि व्यवस्थेची जास्त आहे.

रोज तांब्याभर पाणी घालणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. त्याने वरची दोन बोटे माती ओली होते आणि दुपारपर्यंत सुकते. मुळे त्या ओलीकडे वर येतात आणि तापलेल्या मातीत भाजतात. तापी-गिरणेच्या काठच्या काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट घडते: माती आकसून भेगा पडतात, भेगेत बारीक मुळे तुटतात आणि उघडी पडतात. म्हणून पाळी कमी, पण पाणी खोलवर. आणि प्रत्येक पाळीनंतर दुसऱ्या दिवशी खुरप्याने वरचा थर मोकळा करून भेगा भुसभुशीत मातीने बुजवायच्या. धुळे-शिंदखेड्याकडच्या मुरमाड जमिनीत भेगांचा प्रश्न नाही, पण पाणी झरझर खाली निघून जाते. तिथे ५ लिटर एकदम ओतण्यापेक्षा तासाभराच्या अंतराने दोनदा द्यावे.

याहून चांगली सोय माठाची. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरोघर नवी घागर येते, आणि ती येते बरोबर शाळा बंद होण्याच्या सुमाराला. गेल्या उन्हाळ्यातला माठ मग अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहतो. शाळेने तो मागून घ्यावा. मात्र जुना माठ तसाच पुरला तर फसगत होते. त्यात पाणी गार होत नाही म्हणून तो बाजूला पडलेला असतो आणि गार न होण्याचे कारणच हे, की जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात. ज्या माठाला घाम फुटत नाही तो जमिनीतही पाझरणार नाही. आधी माठ काथ्याने आतून-बाहेरून घासावा, चिंचेचे पाणी भरून रात्रभर ठेवावा, धुवावा आणि साध्या पाण्याने भरून सावलीत ठेवून पाहावा. दोन तासांत बाहेरून ओल दिसली तर तो कामाचा. नाही दिसली तर बुडाला खिळ्याने बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घट्ट बसवावी. रंग दिलेला माठ घेऊच नये.

पाच ते सात लिटरचा माठ रोपापासून एक-दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचा, तोंड जमिनीच्या दोन बोटे वर. भोवतीची माती बारीक करून, ओली करून दाबायची. ढेकळे राहिली तर मधल्या पोकळीमुळे ओल मुळांपर्यंत पोहोचत नाही. तोंडावर कौल किंवा सपाट दगड ठेवायचा, नाहीतर डास अंडी घालतात आणि पाली-सरडे आत पडतात. दर चौथ्या दिवशी भरायचा. पूर्ण कोरडा पडू द्यायचा नाही, कारण प्रत्येक वेळी कोरडा पडला की क्षार आणखी साचतात. खरे तर माठ जुलैत रोपासोबतच पुरावा. एप्रिलात खड्डा करताना मुळे तुटण्याची भीती असते, म्हणून आता पुरताना रोपाकडची बाजू हाताने आणि हळू उकरावी.

आच्छादनाबद्दल थोडे. फेब्रुवारी-मार्चात कडुनिंब आणि पिंपळाची पाने झडतात, शाळेत ती झाडून ढीग करून पेटवली जातात. तोच पाला रोपाच्या आळ्यात चार बोटे जाडीने पसरला तर पाण्याची पाळी एक-दोन दिवस लांबते. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीची वाळलेली पाने मिळतात, ती तर फारच चांगली. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, अन्यथा साल कुजते किंवा वाळवी चढते. आठवड्यातून एकदा काठीने आच्छादन उलटून पाहावे. काठीनेच, हाताने नाही, कारण ओल आणि सावली शोधत विंचूही तिथे येतो. वाळवी दिसली तर मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळावी.

मे महिन्यात शिवारात हिरवे काही उरत नाही, म्हणून शाळेतल्या रोपावर शेळ्यांचा डोळा असतो. कुंपणाला पराट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) सहज मिळतात, पण त्यावर न फुटलेली बोंडे असतील तर ती तोडून नष्ट करावीत. गुलाबी बोंडअळी त्यातच सुप्त राहते आणि पुढच्या कपाशीवर जाते. त्यापेक्षा बाभळीचे किंवा बोरीचे काटे बरे. पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा दिला तर दुपारनंतरचे ऊन कोवळ्या खोडाला भाजत नाही.

आता व्यवस्था. पाणी घालायला मुले गेली आणि फाटकाला कुलूप, किल्ली तालुक्याला राहणाऱ्या गुरुजींकडे, नळ मुख्य चावीवरून बंद: बहुतेक ठिकाणी योजना इथेच मोडते. म्हणून १ मेच्या आधी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. फाटकाची एक किल्ली शाळा व्यवस्थापन समितीच्या गावातच राहणाऱ्या सदस्याकडे. नळ चालू राहणार की ग्रामपंचायत २०० लिटरचा ड्रम भरून देणार, हे. आणि चार रोपांमागे दोन घरे, अशी वाटणी. एक घर लग्नाला किंवा मामाच्या गावाला गेले तर दुसरे असते. वाटणीचा तक्ता फाटकाच्या आतल्या भिंतीवर डकवावा आणि ज्याने पाणी घातले त्याने तारखेपुढे खूण करावी. ड्रमला फडके घट्ट बांधावे आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून घासावा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. आठ वर्षांच्या मुलाला ५ लिटरचा डबा उचलायला लावू नये, दोन लिटरच्या बाटल्या द्याव्यात. विहिरीवर किंवा बंधाऱ्यावर मुलांनी पाण्याला जायचे नाही, हे पालकांनाही स्पष्ट सांगावे. सोबत मोठे माणूस हवेच.

उन्हाची काळजी हा या कार्यक्रमाचाच भाग समजावा. मैदानावरचे प्रत्येक काम सकाळी ७ ते ९ मध्ये, त्यानंतर खोलीत किंवा निंबाखाली. सकाळच्या शाळेत कित्येक मुले चहाच्या घोटावर येतात. रिकाम्या पोटी उन्हात काम दिले की चक्कर येते. आधी काही खायला द्यावे, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी पाजावे. घरच्या घरी जलसंजीवनी करायची तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाचा अंदाज मुठीने घेऊ नये, जास्त मीठ मुलांना घातक ठरते. मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले, अंग तापून कोरडे पडले किंवा शुद्ध हरपली, तर सावलीत नेऊन मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत, १०८ ला फोन करावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवणे हा उपक्रम बऱ्याच शाळा मनापासून करतात, पण प्लॅस्टिकची बाटली कापून तारेने टांगतात. ती दुपारपर्यंत तापते, वाऱ्याने हेलकावते, आणि कडेवर पक्ष्याला पाय रोवता येत नाहीत. मातीचे उथळ परळ घ्यावे, दोन इंचांपेक्षा खोल नाही, मधे एक-दोन दगड, म्हणजे लहान पक्षी आणि मधमाश्या बुडत नाहीत. पाच फूट उंचीवर, सावलीत, मांजराला उडी घेता येणार नाही अशा जागी. पाणी रोज बदलावे, तिसऱ्या दिवशी राखेने घासावे. शेव-फरसाण ठेवू नये, ज्वारी-बाजरी पुरे. आणि सुटीत ते परळ कोण भरणार, तेही त्याच तक्त्यात लिहावे. महिनाभर सवय लावून एकाएकी पाणी बंद करणे पक्ष्यांच्या दृष्टीने वाईट.

बीजगोळ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण उन्हाळी उपक्रमांत सध्या सर्वाधिक शाळा हेच करतात आणि त्यातले सर्वाधिक बी वाया जाते. पहिले कारण बियांची निवड. निंबोळीची उगवणक्षमता गर काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने घटते. गेल्या पावसाळ्यातल्या निंबोळ्या एप्रिलात गोळ्यात घातल्या तर गोळ्यात बी नसून लाकूडच असते. गोळ्यासाठी कठीण कवचाचे बी हवे: बाभूळ, बहावा, बोर, खैर. दुसरे कारण माती. नुसती काळी माती वाळली की दगड होते आणि आकसताना बी चेपते. ५ भाग चाळलेली पोयट्याची किंवा लाल माती आणि २ ते ३ भाग जुने कुजलेले शेणखत, असे प्रमाण धरावे. लिंबाएवढा गोळा, त्यात दोन बिया, सावलीत दोन-तीन दिवस वाळवायचा. उन्हात वाळवला की तडा जातो. तिसरे कारण वेळ. मे महिन्यात सहलीला जाऊन डोंगरावर फेकलेले गोळे दीड महिना भाजतात, मुंग्या आणि उंदीर बी काढून नेतात. गोळे दोन चांगले पाऊस झाल्यावर टाकावेत, आणि फेकण्यापेक्षा काटेरी झुडपाच्या बुडाशी हाताने ठेवावेत. तिथे सावली मिळते आणि शेळीचे तोंड पोहोचत नाही. गवताच्या चांगल्या कुरणात मात्र गोळे टाकू नयेत. कुरण ही ओसाड जागा नाही, तिचे स्वतःचे पक्षी आणि प्राणी असतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे जंगल गावकऱ्यांच्या राखणीने उभे राहिले, हे आपल्याच भागातले उदाहरण मुलांना सांगण्यासारखे आहे. चराई आणि कुऱ्हाड थांबली की जमिनीतले बी आपणहून वर येते.

त्यापेक्षा मार्च-एप्रिलात बी गोळा करून जूनमध्ये शाळेची रोपवाटिका करावी, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. या दिवसांत चिंच, करंज, बहावा, शिरीष, बाभूळ यांच्या शेंगा मिळतात. एप्रिलअखेरीस ते मेमध्ये सातपुड्याच्या पायथ्याला अंजनाच्या चपट्या, पंखासारख्या शेंगा गळतात. प्रत्येक बियाण्याची तऱ्हा निराळी. चिंच कोमट पाण्यात दिवसभर भिजवली की पुरते. बहाव्याचे बी खरखरीत दगडावर घासून कवचाची चमक घालवावी, मग २४ तास भिजवावे. जे फुगले ते पेरावे, न फुगलेले पुन्हा घासावे. बाभळीसाठी पाणी उकळून विस्तवावरून उतरवावे, त्यात बी टाकून दिवसभर तसेच राहू द्यावे; हे काम शिक्षकांनीच करायचे. शेळ्यांच्या वाड्यात चघळून टाकलेले बाभळीचे बी मिळाले तर त्याला हेही लागत नाही. अंजन दर वर्षी सारखे फळत नाही आणि त्याचे सोटमूळ इतके लांब जाते की लहान पिशवीत ते वेटोळे घालते. ते पहिल्या पावसानंतर जागेवरच टोकावे. निंबोळी जूनमध्ये पिवळी झाली की गोळा करून राखेने चोळून गर काढावा, दोन दिवस सावलीत सुकवावी आणि आठवड्याच्या आत पेरावी. शाळा उघडण्याशी हे वेळापत्रक नेमके जुळते.

पिशवीसाठी २ भाग माती, १ भाग रेती, १ भाग मुरलेले शेणखत. कच्चे शेण घातले तर उष्णतेने कोवळी मुळे जळतात आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. दुधाच्या धुतलेल्या एक लिटरच्या पिशव्या चालतात, पण बुडाशी आणि बाजूला मिळून सहा-सात भोके हवीत. भोके नसलेल्या पिशवीत पाणी साचून रोप पिवळे पडते, आणि मुले त्याला तहान लागली समजून आणखी पाणी घालतात. जूनमध्ये पेरलेले रोप पुढच्या जूनपर्यंत दोन-अडीच फुटांचे होते आणि लावल्यावर टिकते. म्हणजे मधल्या उन्हाळ्यातही त्याला सावली आणि पाणी लागणार, हे ध्यानात ठेवून २०० नव्हे, ३०-४० पिशव्यांपासूनच सुरुवात करावी.

रोप लावायचे खड्डे एप्रिल-मेमध्येच मोठ्यांनी खणून ठेवावेत, दीड फूट लांब-रुंद-खोल, मुरमाड जमिनीत दोन फूट. ते उन्हात तापले की मातीतल्या किडी मरतात. कार्यक्रमाच्या सकाळी टिकावाने उकरलेल्या वीतभर खड्ड्यात रोपाचे मूळ आडवे वळते आणि पहिल्या उन्हाळ्यातच त्याचा निकाल लागतो. उघड्या खड्ड्यांवर काटे टाकून ठेवावेत, मुले पडू नयेत म्हणून.

खोलीतल्या कामासाठी दोन मोजमापे सुचवतो. गळक्या नळाखाली लिटरची बाटली ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते पाहायचे. अर्ध्या तासात भरली तर दिवसाला ४८ लिटर गेले, म्हणजे वर सांगितलेल्या जवळजवळ दहा रोपांची पाळी. मग मुले स्वतःच नळाचा वायसर बदलायला लावतात. दुसरे, छपराचे पाणी: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २० बाय २५ फुटांची खोली साधारण ४६ चौरस मीटर भरते. ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असे मानले, तरी वर्षाला २२ हजार लिटर. पन्हाळ बसवायचे काम मेमध्येच उरकावे आणि पहिल्या दोन सरींचे पाणी बाहेर सोडावे, त्यात छपरावरची धूळ आणि विष्ठा असते.

नियमांची उणीव नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच शिक्षणात पर्यावरणाचा विषय सक्तीचा करण्यास सांगितले. तिसरीपासून परिसर अभ्यासाचे पुस्तक आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ५ जूनपासून इको क्लबची (शाळांतल्या पर्यावरण मंडळांची) आठवडाभराची उन्हाळी शिबिरे जाहीर केली, त्यांचे पाणी, ऊर्जा, कचरा, प्लॅस्टिक असे विषयही योग्य आहेत. पण खान्देशच्या हवामानाला ती तारीख जुळत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी हेच विषय मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत घेण्याचे, आणि सुटीतल्या पाण्याचा तक्ता व किल्लीची नोंद केंद्रप्रमुखांकडे १ मेपूर्वी देण्याचे पत्रक काढावे. खर्च शून्याच्या जवळ आहे.

एक विनंती आपल्या दैनिकालाही. जूनमध्ये वृक्षारोपणाची बातमी छापताना त्या शाळेत गेल्या वर्षी किती रोपे लावली होती आणि त्यांतली किती जिवंत आहेत, हे दोन आकडे अवश्य विचारावेत. ते मोजताना मात्र घाई नको. मेअखेरीस बरीच रोपे पाने गाळून काडीसारखी उभी असतात आणि मेली समजून जूनमध्ये उपटली जातात, त्याच खड्ड्यात नवे रोप बसते. उपटण्याआधी बुडापाशी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. वर तपकिरी आणि खाली हिरवे असेल तर हिरव्याच्या दोन बोटे वर कापावे. कुठेच हिरवे नसले तरी १५ जुलैपर्यंत थांबावे. कडुनिंब, करंज, चिंच यांना जमिनीलगतून पुन्हा फुटवा येतो.

आपले,
गिरणा-पांझरा परिसरातील काही प्राथमिक शिक्षक आणि रोपवाटिकेत काम करणारे